कोड्यावर रागावण्यापूर्वी

राजापुरातील एका वाचनालयात सकाळची दैनिके येऊन पडली की, पहिल्या पानाला मिळावयाचा मान कित्येकदा आतील पानाच्या एका कोपऱ्यालाच मिळतो. त्या कोपऱ्यात शब्दकोडे असते. जो गृहस्थ आधी पोहोचेल तो खिशातील लेखणी काढून, आजूबाजूस न पाहता, घरे भरू लागतो. आणि मागाहून येणाऱ्यांच्या वाट्यास भरलेल्या घरांचे दर्शन व अर्धवट राहिलेल्या घरांची हळहळ एवढेच उरते. 'वर्तमानपत्रावर काही लिहू नये' अशी पाटी तेथे भिंतीवर लाविलेली आहे. तिचा परिणाम इतकाच झाला की, भरणाऱ्यांचे अक्षर पूर्वीपेक्षा बारीक येऊ लागले.

या मंडळींचे कोड्यावरील अभिप्राय मी अनेकदा ऐकिले आहेत. एकजण म्हणतो, "आजचे कोडे अगदीच पोरकट, चहा निवण्यापूर्वी सुटले." त्याच कोड्याविषयी दुसरा म्हणतो, "छे, आज कोडेकाराचे डोके ठिकाणावर दिसत नाही." आणि तिसरा, ज्याची तीन घरे अखेरपर्यंत रिकामी राहिली तो, निर्वाणीचा निकाल देतो : "याला कोडे म्हणत नाहीत, हा निव्वळ शब्दच्छल आहे, फसवणूक आहे." एकाच कागदावरील त्याच चौकटींविषयी तीन शहाण्या माणसांची मते इतकी भिन्न व्हावीत, याचे मला प्रथम हसू येई. पुढे आमच्या वर्गातही तोच अनुभव आला, तेव्हा मात्र हा प्रश्न थोडा विचार करण्याजोगा आहे असे वाटू लागले. कोडे अडले म्हणजे आपण रागावतो. तो राग कोणत्या वेळी न्याय्य असतो आणि कोणत्या वेळी तो केवळ आपल्या दुखावलेल्या अभिमानाचा हुंकार असतो, हे विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या पालकांनीही एकदा तपासून पाहावे, एवढ्यासाठी हा लेख.

गेल्या वर्षी दर शनिवारी शेवटच्या तासाला मी फळ्यावर एक लहानसे शब्दकोडे काढावयास आरंभ केला. उत्तरे शक्यतो आपल्याच मुलुखातील असावीत असा संकल्प होता. पहिल्या शनिवारी एक सूत्र असे दिले : 'पांडवाला हाक मारा, नदी ओ देईल.' घरे तीन. वर्गात शांतता पसरली. कोणी 'भीमा' म्हणाला. परंतु ते दोन घरांतच संपते. कोणी पाचही पांडवांची नावे बोटांवर मोजली. अखेर खिडकीजवळच्या एका मुलाने एकदम "अर्जुना!" अशी आरोळी ठोकली, आणि ती आरोळी हेच उत्तर होते. अर्जुनाला हाक मारावयाची तर 'अर्जुना' असेच म्हणावे लागते. आणि अर्जुना ही तर आपल्या गावाच्या कुशीतून वाहणारी नदी. बहुतेक वर्ग हसला. पण मागच्या बाकावरील एक विद्यार्थी उठून गंभीरपणे म्हणाला, "सर, ही लबाडी आहे. नदीचे नाव विचारावयाचे होते तर सरळ विचारावयाचे."

हा आक्षेप एका मुलाचा नव्हे; तो शब्दकोड्याइतकाच जुना आहे. आधुनिक शब्दकोड्याचा जन्म 21 डिसेंबर 1913 रोजी न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' या पत्रात झाला. आर्थर विन नावाच्या लिव्हरपूलच्या गृहस्थाने ते रचिले होते आणि त्याची आकृती हिऱ्यासारखी होती. 1924 साली कोड्यांचे पहिले पुस्तक निघाले, तेव्हा त्याबरोबर एक पेन्सिलही जोडून दिली जात असे. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या 'टाइम्स'ने हा छंद म्हणजे वेळेचा पापी अपव्यय आहे अशा अर्थाची टीका केली. आणि लंडनच्या 'टाइम्स'नेही अमेरिका या वेडाची गुलाम झाली म्हणून कीव केली. पुढे काय झाले? लंडनच्या 'टाइम्स'ने 1 फेब्रुवारी 1930 पासून स्वतःच कोडे छापावयास आरंभ केला, आणि न्यूयॉर्कच्या 'टाइम्स'नेही 1942 च्या फेब्रुवारीत तेच केले. ज्यांनी निंदा केली त्यांच्याच घरी पाहुणा कायमचा राहावयास आला.

इंग्लंडात मात्र या पाहुण्याने वेष पालटला. अमेरिकेतील सूत्रे बहुधा सरळ अर्थ विचारीत. इंग्लंडातील कोडेकारांनी श्लेष, उलटापालट, शब्दाच्या पोटात दडविलेला शब्द अशा युक्त्या योजून सूत्रालाच कोडे बनविले. आमच्या मराठी दैनिकांतील कोडी पुष्कळशी पहिल्या जातीची असतात. 'सूर्य', 'पृथ्वी', 'एक फूल' असे विचारावयाचे आणि प्रतिशब्द भरावयाचा. मधूनच एखादे सूत्र दुसऱ्या जातीचे येते, आणि वाचनालयातील तिसऱ्या गृहस्थाचा संताप नेमका त्याच सूत्रावर होतो. सरळ विचारलेले ते प्रामाणिक आणि वळसा घालून विचारलेले ते कपटी, अशी सामान्य समजूत आहे. ही समजूत उलटी आहे, असे माझे मत आहे. आणि ते मत मला एका विद्यार्थिनीने, माझी चूक दाखवून, शिकविले.

परंतु तत्पूर्वी मराठी कोड्याची एक अडचण सांगितली पाहिजे. इंग्रजी कोड्यात एका घरात येणाऱ्या अक्षराला 26 च पर्याय असतात. आपल्या कोड्यात एका घरात एक पूर्ण अक्षर बसते. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार यांसह, आणि जोडाक्षर असले तरी तेही एकाच घरात. 'रत्नागिरी'ची घरे चार : र, त्ना, गि, री. म्हणजे एकेका व्यंजनाची बाराखडी, त्यावर जोडाक्षरांची गर्दी. असे शेकडो पर्याय. त्यामुळे आडवा शब्द आणि उभा शब्द एकाच अक्षरावर भेटविणे फार कठीण जाते. 'नदी'तील 'दी' दीर्घ आणि 'दिवस'मधील 'दि' ऱ्हस्व. या दोघांना एका घरात नांदविता येत नाही, आणि घाईत कोणी नांदविलेच तर सोडविणारा योग्य कारणानेच चिडतो. या अडचणीमुळे आपल्या कोड्यांत काळी घरे पुष्कळ आणि शब्दांच्या भेटी थोड्या असतात. इंग्रजी कोड्यात पुष्कळ घरांना आडवा आणि उभा अशा दोन्ही शब्दांचा आधार असतो. आपल्याकडे कित्येक घरांना एकच आधार. ते घर चुकले तर चूक दाखवून देणारा शेजारी नाही.

याचा दुसराही एक परिणाम होतो. चौकट रचताना कोपऱ्यांत दोन-तीन घरांच्या बेचक्या शिल्लक राहतात, आणि त्या बुजविण्यासाठी कोडेकार संस्कृत कोशाकडे धाव घेतो. उंदीर म्हणजे 'आखू', साप म्हणजे 'पन्नग', भात म्हणजे 'ओदन'. कोकणातील मुलाच्या ताटात दोन्ही वेळा भात असतो. परंतु 'ओदन' त्याला भेटते ते शब्दकोड्यातच. जो नित्य कोडी सोडवितो त्याला हे शब्द पाठ झालेले असतात, म्हणून तो "पोरकट" म्हणतो; आणि जो प्रथमच बसतो तो कितीही बुद्धिमान असला तरी अडतो. येथे बुद्धीची परीक्षा होत नाही, साठवणीची होते. तेव्हा पहिल्या व दुसऱ्या गृहस्थांतील मतभेदाचे रहस्य हे. कठीणपणाचे दोन प्रकार आहेत : एक, अनोळखी शब्द सरळ विचारण्याचा, आणि दुसरा, ओळखीचा शब्द वळसा घालून विचारण्याचा. 'अर्जुना' हा दुसरा प्रकार होय. ते नाव ठाऊक नाही असे मूल आमच्या वर्गात एकही नव्हते. सुटल्यानंतर कोणी कोश मागितला नाही. प्रत्येकाने आपल्या कपाळावर हात मारून घेतला.

आता त्या चुकीची गोष्ट. चौथ्या की पाचव्या शनिवारी मी एक सूत्र दिले : 'कमळ.' घरे तीन. शेवटच्या घरात उभ्या शब्दावरून 'ज' येत होता. इतके सरळ सूत्र की मला स्वतःलाच ते किंचित फिके वाटले. माझ्या मनात 'जलज' होते. सर्व कोडे प्रथम सोडविणाऱ्यास एक पेन्सिल बक्षीस ठेविली होती. एका मुलीने सर्वांच्या आधी कागद आणून दिला. सर्व उत्तरे बरोबर, फक्त या ठिकाणी 'नीरज' लिहिलेले. मी ते चूक ठरविले आणि पेन्सिल दुसऱ्या मुलास दिली. मुलगी काही बोलली नाही. तास सुटल्यावर मात्र ती टेबलापाशी आली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "सर, माझे उत्तर चूक कसे?"

मला उत्तर देता आले नाही. नीर म्हणजे पाणी, जल म्हणजेही पाणी. पाण्यात जन्मले ते नीरज आणि तेच जलज. शिवाय पंकज आहे, सरोज आहे, अंबुज आहे, वारिज आहे. प्रत्येकाची घरे तीन आणि प्रत्येकाच्या शेवटी 'ज'. सहा उत्तरांपैकी मी मनात एक धरिले होते, आणि माझे मन ज्याला अचूक वाचता आले त्याला पेन्सिल दिली होती. त्या मुलीचे ज्ञान कमी पडले नव्हते, बुद्धीही नव्हे. कमी पडले होते माझे सूत्र. मी तिला तसे सांगितले आणि सोमवारी दुसरी पेन्सिल आणून सर्व वर्गासमक्ष दिली. ती तिने घेतली, पण जागेवर जाण्यापूर्वी म्हणाली, "सर, 'जलज'च हवे होते तर तसे विचारावयाचे." मी म्हटले, "तसे म्हणजे कसे? तूच विचारून दाखव." दुसऱ्या दिवशी तिने वहीच्या पानावर लिहून आणिले : 'उलटे वाचा, सुलटे वाचा, कमळ ते कमळच.'

वाचकहो, हे सूत्र आपण क्षणभर न्याहाळून पाहावे. ज, ल, ज : कोणत्याही टोकाकडून वाचिले तरी तोच शब्द. नीरज उलटून पाहा, पंकज उलटून पाहा, टिकत नाही. सहांपैकी पाच उत्तरे त्या एका अटीने गळून पडतात आणि एकच उरते. माझे सरळ सूत्र सोपे दिसत होते आणि अन्यायी होते. तिचे वळणाचे सूत्र अवघड दिसते आणि ते पूर्ण न्यायाचे आहे. कारण त्यात उत्तराची खूण दोनदा सांगितली आहे, एकदा अर्थाने आणि एकदा अक्षरांनी. उत्तर सापडले म्हणजे दोन्ही साक्षी जुळतात, आणि मग कोडेकाराला विचारावयास जावे लागत नाही. शब्दांच्या भेटी जेथे थोड्या, तेथे म्हणजे आपल्या मराठीत, या दुसऱ्या साक्षीची गरज सर्वांत अधिक आहे. ज्या शब्दच्छलाला आपण फसवणूक म्हणतो तोच पुष्कळदा सोडविणाऱ्याचा वकील असतो.

उत्तर अनेक आणि बक्षीस एकालाच, या प्रकाराचे पर्यवसान कशात होते हे आपल्या देशाने मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. प्रवेशशुल्क भरून कोड्याची उत्तरे पाठवावयाची आणि कार्यालयात आधीच मोहोरबंद ठेविलेल्या उत्तराशी ती जुळली तर मोठी रक्कम मिळवावयाची, अशा स्पर्धांची एके काळी मोठी लाट आली होती. मुंबई राज्याने त्यांच्यासाठी 1948 साली कायदा केला. आणि 1955 साली केंद्राच्या कायद्याने महिन्याला 1000 रुपयांहून अधिक बक्षिसाच्या अशा स्पर्धांना मनाई केली. 'मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला' या खटल्यात 9 एप्रिल 1957 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या विशिष्ट शब्दस्पर्धेला जुगाराचे स्वरूप असल्याचा निर्णय दिला. सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांच्या निकालपत्राचा आशय थोडक्यात असा की, दोन शब्द तितकेच चपखल बसत असता बंद पाकिटातील शब्दाशी जुळला तरच बक्षीस, हे झाकून ठेविलेल्या निशाणावर नेम धरण्यासारखे आहे; त्यात कौशल्याला स्थान नाही. तो निकाल वाचिला तेव्हा मला माझा फळा आठवला. माझे बक्षीस पेन्सिलीचे होते, एवढाच काय तो फरक; 'जलज' की 'नीरज' हा माझ्या वर्गातील डाव जातीने तोच होता.

तेव्हा राग केव्हा न्याय्य, याची कसोटी आता सांगता येईल. ती उत्तर कळण्यापूर्वी लावावयाची नसते. उत्तर कळल्यानंतर लावावयाची असते. दुसऱ्या दिवशीच्या अंकात उत्तर पाहून आपल्या तोंडून "अरेच्चा! हे तर समोरच होते," असे उद्गार निघाले, तर कोडेकार प्रामाणिक होता, आपण हरलो आणि हसत हरावे. परंतु उत्तर पाहूनही "हेच का? दुसरे का नाही?" असा प्रश्न शिल्लक राहिला, तर कोडेकाराने अपराध केला आहे, मग त्याचे सूत्र कितीही सरळ असो. इंग्लंडात वेल्स येथील कॅथेड्रल शाळेचे मुख्याध्यापक व धर्मोपदेशक रेव्हरंड रिची हे 'आफ्रित' या टोपणनावाने कोडी रचीत. त्यांनी 1949 साली आपल्या कोड्यांच्या पुस्तकात जो नियम घालून दिला त्याचे तात्पर्य असे : कोडेकाराने आपला हेतू झाकण्यास हरकत नाही, पण त्याच्या शब्दांतून उत्तर खरोखर निघाले पाहिजे. पुढे मॅकनट या ग्रीक-लॅटिनच्या शिक्षकांनी 1966 साली त्या नियमांचे एक सविस्तर शास्त्रच लिहिले. या खेळाचे न्यायशास्त्र घडविणाऱ्यांत शाळामास्तरांचा हात मोठा आहे, ही गोष्ट आमच्यासारख्यांना थोडी सुखावणारी आहे. चूक विद्यार्थ्याची की प्रश्नपत्रिकेची, हा वाद त्यांच्या नित्य परिचयाचा असावा.

कोणी म्हणेल, ही परदेशची थेरे. मराठी माणसाला शब्दांशी असे खेळणे मानवत नाही. असे म्हणणाऱ्याने आपले घर पाहिलेले नाही. महाभारताच्या लेखनाची कथा प्रसिद्ध आहे. लेखणी थांबता कामा नये, अशी अट गणपतीने घातली; आणि अर्थ कळल्यावाचून लिहू नये, अशी प्रतिअट व्यासांनी घातली. मग व्यास मधूनमधून एखादा कूट श्लोक घालीत, आणि गणपती क्षणभर विचारात पडला की तेवढ्यात पुढील रचना करून घेत. अशा श्लोकांची संख्या 8800 सांगतात. वाल्याने उलटे नाम जपता जपता त्याचे सुलटे नाम झाले, ही कथा तर प्रत्येक आजीने सांगितलेली आहे. म, रा उलटले की रा, म. वामन पंडितांना लोकांनी 'यमक्या वामन' म्हटले; मोरोपंतांनी ओठांना ओठ न लागता म्हणता येईल असे 'निरोष्ठ रामायण' रचिले; मुक्ताबाईंच्या कूट अभंगांवर आजही कीर्तनकार तासतासभर निरूपण करितात. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आणि राम गणेश गडकरी यांच्या कोट्यांनी एका पिढीला वेड लाविले, आणि पु. ल. देशपांडे यांना तर रसिकांनी 'कोट्याधीश' ही पदवीच दिली; ती पदवीही एक कोटीच होय. माजघरातील बायका हुमाणी घालीत आणि मंगलकार्यात उखाणे घेत, ते कोणाकडून शिकल्या? हा वारसा आपल्या रक्तातला आहे. दैनिकाच्या कोपऱ्यात त्याला केवळ प्रतिशब्दांच्या हजेरीपटापुरते ठेवणे, हा त्याचा अपमान आहे.

गणपतीच्या त्या कथेतील एक गोष्ट मला विद्यार्थ्यांपुढे विशेष ठेवावीशी वाटते. तो अडला, थांबला. पण अर्थ कळल्यावाचून त्याने एक अक्षरही लिहिले नाही. आज अडलेले सूत्र मोबाईलवर टाकावे आणि आलेले उत्तर घरात भरावे, हे अत्यंत सोपे झाले आहे. त्या भरलेल्या चौकटीकडे पाहून कोणाला समाधान होत असेल तर त्याने स्वतःला एवढेच विचारावे की, ते कोडे सुटले कोणाला? कोडे ही परीक्षा नाही. त्यात नापास झाल्याने वर्ष फुकट जात नाही. म्हणूनच प्रामाणिकपणे हरण्याचा सराव करावयास यासारखी दुसरी जागा नाही. परीक्षेत, नोकरीत, व्यवहारात हरण्याची किंमत भारी असते. येथे ती तीन रिकाम्या घरांची असते. ज्या मुलाला तीन रिकामी घरे रात्रभर तशीच ठेवून शांत झोपता येते, त्याला पुढे मोठे प्रश्नही धीराने अडवून धरिता येतील, असा माझा विश्वास आहे.

पालकांपैकी कित्येकांचा आक्षेप निराळा असतो. ते म्हणतात, मुलांचे मराठी आधीच कच्चे. त्यांच्यापुढे असली अवघड कोडी टाकिली तर ती दूर पळतील. या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मी मनापासून मान्य करितो. 'आखू' आणि 'ओदन' यांची रास मुलांपुढे ओतली तर ती पळणारच. परंतु तोडगा असा नव्हे की कोडी निर्बुद्ध करावीत. शब्द मुलांच्या रोजच्या जिभेवरचे घ्यावेत आणि वळणे मात्र खुशाल घालावीत. 'दीन उलटला आणि वाहू लागला' या सूत्राचे उत्तर पाचवीतील मुलानेही दिले. दी, न उलटून न, दी. 'राजाच्या दारी पाणी चढले, तेच गाव' हे सूत्र दिले तेव्हा उत्तर सांगण्यासाठी अर्धा वर्ग एकदम उभा राहिला; कारण पावसाळ्यात अर्जुना आणि कोदवली फुगल्या म्हणजे जवाहर चौकात पाणी कसे चढते हे त्यांनी गुडघ्याएवढ्या पाण्यात उभे राहून पाहिलेले आहे. 'राजा' आणि 'पूर' हे दोन्ही शब्द ती मुले जन्मापासून बोलत आली. पण आपल्या गावाच्या नावात नगरही आहे आणि महापूरही दिसतो, हे त्यांना त्या दिवशी प्रथम ध्यानात आले. एक शब्द दोन बाजूंनी पाहण्याची दृष्टी अशी येते, आणि ती एकदा आली की भाषा पाठ करावी लागत नाही.

मागच्या बाकावरील त्या विद्यार्थ्याला मी आता उत्तर देऊ शकतो. बाळा, नदीचे नाव सरळ विचारिले असते तर तुला अर्जुना किंवा दूरची एखादी गंडकी, कावेरी, असे कोणतेही नाव लिहून वाट पाहावी लागली असती. मी बरोबर म्हणेन तोवर तुझे उत्तर बरोबर नव्हते. 'पांडवाला हाक मारा' म्हटल्यामुळे उत्तर सापडताक्षणी ते बरोबर आहे हे तुझे तुला कळले, माझ्याकडे पाहण्याचीही गरज उरली नाही. लबाडी ती, जी तुला माझ्या मर्जीवर ठेवते. ज्या सूत्राने तुला माझ्या मर्जीतून सोडविले त्याला लबाडी म्हणू नकोस.

आणि अडलेच तर काय करावे? आपल्या गावाला तेही सांगावयास नको. आपली गंगा तीन वर्षांनी येते असे म्हणतात, पण ती पंचांग पाहून येत नाही. चौदाही कुंडे कोरडी पडलेली असतात. कोणी कितीही वाट पाहिली तरी थेंब दिसत नाही. आणि एखाद्या सकाळी पाहावे तो कुंडे भरलेली! कोड्याच्या उत्तराचाही स्वभाव असाच आहे. टक लावून बसल्याने ते येत नाही. कागद मिटून ठेवावा, कामाला लागावे. बाजाराच्या वाटेवर किंवा आंघोळीच्या वेळी ते आपण होऊन येते. त्या क्षणाचा आनंद दुसऱ्याच्या उत्तरावर नजर टाकणाऱ्याला कधीच मिळत नाही.

दैनिकांत कोडी रचणाऱ्या अज्ञात बंधुभगिनींना एवढीच विनंती की, आम्हाला अडवा, पण दुसरी साक्ष ठेवून अडवा. सोडविणाऱ्यांना विनंती ही की, रागावण्यापूर्वी उद्याच्या अंकापर्यंत थांबा. आणि वाचनालयातील त्या पहिल्या गृहस्थांना, ते हा अंक वाचतीलच अशी आशा आहे म्हणून, नम्र विनंती की शाईऐवजी पेन्सिल वापरावी.

जाता जाता विद्यार्थिमित्रांसाठी एक सूत्र ठेवितो. ते रचणारी मुलगी तुमच्या ओळखीची आहे. 'अनेक ग्रीष्म एकाच गावी. पाणी तेथे बाराही महिने ऊन.' घरे तीन. उत्तर या अंकात कोठेही छापिलेले नाही. ज्याला सापडेल त्याने ते बरोबर आहे का म्हणून विचारावयास माझ्याकडे येण्याचे कारण नाही.